माझ्या मयताची लाकडं

मांगरात (सामान ठेवायच्या खोपीत) ही एवढी लाकडं कशाला रचून ठेवलीत असं सूनबाईने विचारलं तेव्हा मी पटकन बोलून गेले, माझ्यासाठी. तिला वाटलं न्हाणीच्या बंबासाठी, म्हणाली आई आता गीझर बसवलाय ना, मग? म्हटलं अगं बंबासाठी नाही, माझ्यासाठी म्हणजे माझ्यासाठी. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग आत गेली आणि आतून फोनवरचा दबका आवाज ऐकू आला, "अहो, आईंचं काहीतरी वेगळंच चाललंय." म्हणजे जी गोष्ट मी मुलाला दिवाळीत वगैरे, शांतपणे, चहा पिता पिता सांगणार होते ती अशी मे महिन्यात मांगराच्या दारात फुटली आणि मग पुढचे आठ दिवस रोज डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल, झोप लागते ना, बीपीची गोळी घेतेस ना, एकटं एकटं वाटतं का.

तर आधीपासून सांगते. मी ७१ वर्षांची आहे, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं त्यामुळे अख्खं गाव मला बाई म्हणतं, माझ्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. मरायची अजिबात घाई नाहीये. पण आपल्या मयताची तयारी आपणच करून ठेवावी हे डोक्यात यायला एक कारण झालं आणि ते कारण म्हणजे आमचे हे.

हे गेले २०१८ च्या जुलैत. पहाटे ३ च्या सुमाराला छातीत दुखतंय म्हणाले, शेजारच्या आबाला हाक मारली, त्याने रिक्षावाल्याला उठवलं, रिक्षा खळ्यात, म्हणजे अंगणात, येईपर्यंत सगळं संपलेलं. बाहेर पाऊस असा की कौलं फुटतील की काय, लाईट आदल्या रात्रीपासून गेलेली, मोबाईलला रेंज फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात, तिथे छत्री धरून उभं राहून मी मुलाला सांगितलं. तो गाडी करून निघाला. वाडीने ठरवलं की मुलगा येईपर्यंत थांबायचं, आणि त्यात चूक काहीच नाही, कोणीही तेच ठरवेल. पण पावसाळ्यातला मुंबई-गोवा हायवे ज्याने केलाय त्याला माहितीये की निघालो एवढंच आपल्या हातात असतं, पोचणं नाही. आणि थांबायचं म्हणजे मयत तोवर नीट राहायला हवं. शवपेटी मागवायची तर ती विजेवर चालते आणि वीज नाही. मग बर्फ. तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, बंदरावरचा बर्फाचा कारखाना बंद. शेवटी जामसंड्याच्या एका कोल्ड्रिंकवाल्याकडून आबाने टेम्पोत घालून बर्फाच्या लाद्या आणल्या, भुशात गुंडाळलेल्या. दिवसभर मी यांच्या उशाशी बसून तोंडावरचं पाणी पुसत होते. मुलगा पोचला संध्याकाळी साडेसहाला.

आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. मी खळ्याच्या पायरीपर्यंत. पुरुष रात्री बारा वाजता परत आले, चिखलाने भरलेले, कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. काय झालं ते मला कळलं वर्षश्राद्धाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर आबा सुपारी कातरत बसला होता आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. लाकडं भिजलेली. पेट घेईनात. शेडचे पत्रे गळत होते. मग डिझेल, मग साखर, मग कोणीतरी हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून दोन टायर आणले. आणि तरीही दोघेजण पहाटेपर्यंत तिथे बसून होते, कारण तसंच टाकून येण्यासारखं नव्हतं. एवढंच म्हणाला. मला पुढचं विचारवलं नाही.

यांना साधा उदबत्तीचा धूर चालायचा नाही हो. देवघरात मी उदबत्ती लावली की हे पडवीत जाऊन बसायचे. त्या माणसाला टायरवर जाळलं.

त्यात कोणाचा दोष म्हणून काढता येत नाही, वाडीने जेवढं करता येईल तेवढं केलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही आणि तेव्हाच कधीतरी ठरलं असणार की माझ्या वेळी हे असं नको.

ठरवलं तरी सुरुवात मात्र दोन वर्षांनी झाली, तीही वादळाने करून दिली. १६ मे २०२१, तौक्ते. आमच्या किनाऱ्याला त्या दिवशी काय झालं ते इकडच्या लोकांना सांगायला नको, कलमं अशी पडली होती की बागेत कुठून शिरायचं कळेना. आमची सात झाडं गेली. त्यातलं एक घरामागचं, यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा लावलेलं हापूसचं कलम, चांगलं दोन माणसांच्या कवेत न मावणारं झालेलं, ते मुळासकट आडवं. कटरवाला आला, म्हणाला बाई, लाकूड वखारीत घालूया, चार पैसे येतील. मी म्हटलं ह्या एका झाडाचे ओंडके पाडून मांगरात रच. आंब्याचं लाकूड होमाला चालतं आणि सरणालाही. कटरवाल्याला कारण सांगितलं नाही, पण आबाला सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघतच राहिला आणि मग म्हणाला, "बाईनू, दोघांका पुरतली. पयलो कोण जातलो तां बघुया."

लाकडं ठेवणं हेही एक शास्त्रच आहे, हे मला तेव्हा कळलं. जमिनीवर ठेवली तर वाळवी दोन पावसात फस्त करते. म्हणून खाली चिरे लावले, चिऱ्यांवर जुने वासे, त्यावर ओंडके, मधे वारा खेळेल अशी फट. भिंतीला टेकवायची नाहीत. आणि आबाने वाशांना आणि खालच्या थराला काजूबियांच्या टरफलाचं तेल फासलं, वाळवीला त्यासारखं औषध नाही, फक्त हाताला लागलं तर कातडी सोलून निघते आणि जळलं की असा धूर होतो की ठसका थांबत नाही. मी म्हटलं अरे मग लोकांना त्रास होईल. तर म्हणे, मयताक इल्यार रडाक नको? (आबाचं असंच.)

मग मी आबाबरोबर स्मशानभूमी बघायला गेले. लग्न होऊन ह्या गावात आले त्याला आता ४६ वर्षं झाली, पण ती जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. घरापासून चालत बारा मिनिटं. गावात अशा तीन जागा आहेत, वेगवेगळ्या वाड्यांच्या वेगवेगळ्या, का ते सगळ्यांना माहितीये आणि कोणी त्यावर बोलत नाही, मी शाळेत असताना मुलांना समता शिकवायचे आणि त्या रस्त्याने घरी यायचे, असो. आमच्या जागेत एक शेड, तिचे निम्मे पत्रे तौक्तेत उडालेले, खाली लोखंडी जाळी, खाऱ्या वाऱ्याने अशी गंजलेली की एका बाजूने वाकली होती. वाट म्हणजे पाऊलवाट, मधे एक व्हाळ (ओढा), पावसात गुडघाभर पाणी. म्हणजे माझी लाकडं कितीही सुकी असली तरी ती तिथवर नेताना भिजणार आणि वर गळक्या शेडमधे आणखी भिजणार. माझ्या सगळ्या प्लॅनिंगमधली ही सगळ्यात मोठी भोकं आणि ती माझ्या घरात नव्हतीच.

मग ग्रामसभा. स्मशानभूमीच्या कामांना जनसुविधा योजनेतून पैसे मिळतात, पण तसा ठराव जायला लागतो, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग ठेकेदार. मी ग्रामसभेत उठून विषय मांडला तर मागून कोणीतरी हसलं, बाईंना घाई झालीय. मी पण म्हटलं, मला नाही, तुमच्यातल्या कोणाला असेल तर हात वर करा. ठराव झाला. पत्रे बसायला पावणेदोन वर्षं लागली. व्हाळावर मोरी झाली नाही ती आजपर्यंत नाही, दर वेळी पुढच्या आराखड्यात घेऊ म्हणतात.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे, पण न सांगून चालणारही नाही, कारण हे गेल्यावर मला सगळ्यात जास्त ह्या कागदांनीच पिडलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली की फुकट आणि सोपी, ग्रामपंचायतीतच होते. त्यानंतर लेट फी, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरपर्यंत प्रकरण जातं. आमची नोंद वेळेत झाली पण दाखल्यावर नाव पडलं आधारप्रमाणे, सातबाऱ्यावर होतं वडिलांच्या वेळचं घरगुती नाव आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग. वारस नोंद होऊन फेरफार मंजूर व्हायला चौदा महिने. म्हणून मी पहिलं काय केलं तर माझी सगळी नावं एक केली, आधार, पॅन, पेन्शनचं पासबुक, सातबारा. शाळेच्या सर्व्हिस बुकात माझं माहेरचं नाव होतं ते बदलल्याचं गॅझेट १९७९ चं, ते ट्रंकेतून शोधून काढलं. घरात मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरकडून कारणाचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे मी आता मुद्दाम दर तीन महिन्यांनी एकाच डॉक्टरकडे जाते, काही होत नसलं तरी, म्हणजे उद्या त्याने ओळखलं पाहिजे की ही कोण.

मृत्युपत्र केलं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण मी केलं. त्यात मी उत्साहाने अंत्यविधीची दोन पानं लिहिली होती, वकिलांनी वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, बाई, मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर. तोवर तुम्ही गेलेल्या असता. खरंच की! एवढं शिकलेली मी, हे लक्षातच नाही आलं. मग ती दोन पानं वेगळी काढली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमधे घातली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली, कारण आमच्या घरात काहीही झालं तरी पहिली ती पिशवी काढतात.

आणि एक लिव्हिंग विल केलं. म्हणजे उपाय नसलेल्या अवस्थेत मशीनवर जगवून ठेवू नका हे आधी लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या मार्चमधे याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची त्यामुळे कोण करणार, जानेवारी २०२३ मधे ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. मी नोटरीकडे गेले तर त्यांनी कागद उलटासुलटा केला, म्हणाले हे मृत्युपत्रच ना? म्हटलं नाही, हे मृत्यूच्या आधीचं पत्र. सही शिक्का झाला. एक कॉपी डॉक्टरला, एक मुलीला, एक ग्रामपंचायतीत द्यायची म्हणून दिली, तिथे ती कुठल्या फायलीत लावायची हे कोणालाच माहीत नव्हतं, शेवटी आवक रजिस्टरला नोंदवून शिक्का मारून दिला. ती आता कुठे असेल देव जाणे.

देहदानाचा विचार केला होता. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, म्हणजे पूर्वीसारखं कोल्हापूर-मुंबई करायला नको. फॉर्म आणला. पण त्यात दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे तुम्ही कितीही सह्या करा, ऐन वेळी घरच्यांनी नाही म्हटलं तर संपलं. आणि मुलगा आधीच बिथरलेला. दुसरं म्हणजे अपघात झाला, पोस्टमार्टेम झालं किंवा काही ठराविक आजार असले तर देह घेत नाहीत, म्हणजे प्लॅन बी लागतोच, आणि प्लॅन बी म्हणजे परत मांगरातली लाकडं. मग नेत्रदानावर आले. त्याला फक्त सहा तासांच्या आत टीम पोचली पाहिजे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, चष्मा असला, डायबिटीस असला तरी चालतं. घरच्यांनी करायचं एवढंच की लगेच फोन करायचा, पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद. हे मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलंय. पंखा बंद याच्याखाली दोन रेघा, कारण आमच्याकडे मयत म्हटलं की पहिला पंखा फुल्ल करतात.

आता मुलाचं. मी त्याला म्हटलं, मी जाईन तेव्हा तुझी बहीण कणकवलीहून दीड तासात पोचेल, तुला दहा तास लागतील, पावसात बारा. तर अग्नी तिने द्यावा. मला त्यात काही क्रांतीबिंती करायची नव्हती, साधा अंतराचा हिशोब होता. तर तो गप्प. मग म्हणाला, म्हणजे माझी वाट बघणार नाही? मी म्हटलं बाबांच्या वेळी बघितली की. तो म्हणाला, म्हणून तर मला त्यांचं तोंड बघायला मिळालं. मी म्हणणार होते की त्या तोंडावरचं पाणी दिवसभर मी पुसलंय, पण नाही म्हटलं. काही दिवस त्याने त्या विषयावर फोनच केला नाही, नुसतं जेवलीस का, पाऊस आहे का.

मुलगी तर वेगळीच. ती आधी हो म्हणाली आणि रात्री अकराला फोन, आई, मला जमेल ना गं? मला मडकं धरून फिरता येईल ना? मी म्हटलं मडकं हलकं असतं. भटजींना विचारलं, मुलीने दिला तर चालेल का, तर ते म्हणाले शास्त्रात वाट असते बाई, वाडीत असते का ते बघा. वर मला विचारतात, इतकीच काळजी असेल तर जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करता येतं, गयेला लोक स्वतःचा पिंड देतात. मी म्हटलं, आणि कावळा शिवला नाही तर मी तोंड घेऊन कुठे जाऊ? यांच्या वेळी दीड तास कावळा येत नव्हता, मुलगा म्हणतोय आईला सांभाळीन, मुलगी म्हणतेय बाग विकणार नाही, कावळा ढिम्म, शेवटी भटजी दर्भाचा करायला घेत होते तेवढ्यात आबाने पिंडाशेजारी कपभर चहा नेऊन ठेवला आणि आला! माझ्या कागदात मी सरळ लिहून ठेवलंय, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे आणि चहा बिनसाखरेचा.

मुलाशी शेवटी तोडगा निघाला तो त्यानेच काढला, रेल्वेवरून. म्हणाला, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असेल तेव्हा तू गेलीस तर माझ्यासाठी थांबू नका, ताई अग्नी देईल, मी सावडायला आणि दिवसांना येईन. पण पावसाळा नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबायचं, काय वाटेल ते झालं तरी. मी कागदावर तसंच लिहिलं. वकिलांना दाखवलं तर ते खूप वेळ हसत होते. पण तुम्ही सांगा, कोकणात माणूस कुठल्या महिन्यात जातो यावर निम्मं अवलंबून असतं की नाही?

एवढं सगळं जमवल्यावर मला वाटलं आता काम झालं, फक्त वाडीच्या कानावर घालायचं. गणपतीनंतरच्या बैठकीत मी सांगितलं. म्हटलं, माझ्या वेळी कोणी लाकूड आणायचं नाही, मांगरात आहे. सामानाची पेटी तयार आहे, कोरं कापड, सुतळी, मडकं, राळ, तूप तेवढं ताजं आणा. बांबूसुद्धा आणून ठेवलेत. पंचवीस हजाराचं पाकीट मुलीकडे आहे. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. कोणाला त्रास नको.

मला वाटलं होतं लोक म्हणतील वा. कोणी हूं की चूं नाही. आमच्या वाडीत पद्धत अशी की मयत झालं की घरटी एक माणूस आणि घरटी एक भारा लाकूड. मयत उचलेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही. बांबू कोण तोडणार, तिरडी कोण बांधणार, देवगडला सामानाला कोण जाणार हे कोणी कोणाला सांगत नाही, आपोआप होतं. त्या बैठकीत जो सगळ्यात गरीब, कधी चार शब्द न बोलणारा म्हातारा तो उठला आणि म्हणाला, "बाईनू, म्हणजे आमी नुसते हात हलवीत येवचा?" आणि थोडा थांबून, "माझ्या आवशीक तुमच्या मालकांनी खांदो दिल्यानी. तां मी खंय फेडू?"

३३ वर्षं मी मुलांना गणित शिकवलं, हा हिशोब मला कोणी असा मांडून दाखवला नव्हता. मला काय बोलावं सुचेना. मी त्रास वाचवायला निघाले होते आणि त्यांना ते असं ऐकू आलं की बाई म्हणतायत आमचा तुमचा व्यवहार बंद.

वातावरण हलकं केलं ते आबाने. म्हणाला, बांबू दाखवा बघू. मांगरातून आणले. त्याने एक गुडघ्यावर दाबला, कट्कन मोडला, आत सगळा भुसा. "हेच्यार तुमका घेतलंव आसतंव तर व्हाळात पडला आसतास!" तिरडीचा बांबू हिरवाच लागतो म्हणे, त्याच दिवशी तोडलेला, सुका खांद्यावर टिकत नाही. सगळे हसले, मीही हसले, बांबू चुलीत गेले. मग ठरलं असं की घरटी एक भारा जसा येतो तसा येईल, मांगरातली लाकडं हा माझ्या घरचा भारा, फक्त जरा मोठा. मुलीच्या अग्नीबद्दल मला वाटलं होतं तेवढं कोणी बोललं नाही. बोलल्या त्या बायका, त्यातही माझी सख्खी जाऊ, अजून बोलते.

आणि मग २०२४ च्या ऑगस्टमधे आबा गेला.

तीन दिवस झड लागलेली. दुपारी जेवून पडवीत आडवा झाला तो उठलाच नाही. वाडी जमली, भारे आले, सगळे ओले, एकेक भारा खळ्यात टाकला की त्यातून पाण्याचा ओघळ. चार वाजले. मी आबाच्या बायकोजवळ आत बसले होते. बाहेर पुरुषांची कुजबुज चाललेली, मधेच थांबायची, परत सुरू. थोड्या वेळाने आबाचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, बोलेना. मागे तोच म्हातारा. तोही बोलेना. मला कळलं. मी कमरेची किल्ली काढून दिली आणि बॅटरी पण दिली, मांगरात दिवसासुद्धा दिसत नाही. म्हटलं वरचे ओंडके आधी काढा, आणि प्लॅस्टिकमधे गुंडाळून न्या, व्हाळात भिजतील.

शेड आता गळत नव्हती. रात्री आठपर्यंत माणसं परत आली. व्यवस्थित झालं म्हणाले, काही घालावं लागलं नाही, तूप आणि राळ तेवढं. फक्त खालच्या थरातल्या वाशांनी पेट घेतला तेव्हा त्या काजूच्या तेलाचा असा धूर झाला की सगळे खोकून खोकून बेजार, डोळ्यातून घळाघळा पाणी. आबाच्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा त्या सगळ्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

मांगर जवळजवळ रिकामा झाला. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, लाकडं गेली म्हणून नाही, ते यांचं कलम होतं म्हणून. पण आबाने बरोबर सांगितलं होतं, दोघांना पुरली असती, तळाला अजून थोडी शिल्लक आहेत.

दसरा झाला, पाऊस सरला आणि आबाचा मुलगा एक दिवस टेम्पो घेऊन आला. मागे वाडीतली चार पोरं. न विचारता मांगर उघडला, चिरे परत लावले, आणि ओंडके रचायला घेतले. मी बघितलं तर निम्म्याहून जास्त काजू. म्हटलं अरे, हे काजूचं आहे, माझं आंब्याचं होतं. काजूचं नको मला.

तो ओंडका खांद्यावर घेऊन तसाच वळला. अगदी बापासारखा.

"बाईनू, तेवा तुमका काय समाजतला, आंबो काय नि काजू काय!"